भिंतीपलीकडचा गॅस

दसऱ्याच्या सकाळी सिलिंडरवाल्याने क्षिप्राला फोनवर सांगितलं की गाडीला हार घातलाय, गोडाऊनला कुलूप लावलंय, आता उद्याच. संध्याकाळी तिचा प्रकल्प बघायला, पैसे देणाऱ्या फंडाची परदेशी समिती येणार होती. तारीख त्यांनीच काढलेली. त्यांच्या कॅलेंडरात दसरा नव्हता. आणि गॅस मागवताना क्षिप्राच्याही डोक्यातून तो साफ निसटला होता.

पोलादाच्या भट्टीतून निघणाऱ्या मळीत, म्हणजे स्लॅगमध्ये, कार्बन डायऑक्साइड मुरवला की सिमेंटशिवाय पक्के ब्लॉक तयार होतात. तेच समितीला करून दाखवायचं होतं, आणि तो गॅस सिलिंडरमधूनच यायचा. नाही दाखवलं तर प्रकल्प बंद, तळवलीच्या शेडची किल्ली परत आणि तिची सगळी मेहनत पाण्यात.

त्याच शेडमध्ये, मधल्या भिंतीपलीकडे, जयप्रकाश सरांचा प्रकल्प होता. ते शेजारच्या भट्टीच्या धुरातून हाच गॅस वेगळा काढून टाकीत भरत. दोघांना पैसा एकाच फंडाचा, 'परस्पर सहकार्य' या अटीवर मिळालेला. सहकार्य म्हणजे एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. त्यात सर सुविचार टाकत आणि क्षिप्रा हात जोडत असे. एकत्र पेपर लिहायचा ठरला तेव्हा पहिलं नाव कोणाचं यावरून जे बिनसलं, ते बिनसलंच. मागायला आपण मुळीच जायचं नाही, असं तिने ठरवून टाकलं होतं.

पण दसऱ्याला सोनं द्यायला कुणाकडेही जाता येतं, आणि तेही ताठ मानेने. तिने पूजेतली आपट्याची पानं उचलली.

सरांनी पानं घेतली, तिच्या हातावर पेढा ठेवला. तिने आडून आडून गॅसचं विचारलं, तसे ते चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, टाकी काठोकाठ भरली आहे. रोजच भरते. घेणारं कुणी नाही, म्हणून रोज संध्याकाळी गॅस हवेत सोडून द्यावा लागतो.

"सोडता कुठे, सर?"

"बाहेर," सर पुटपुटले. "तुमच्या बाजूला. तुमचे सिलिंडर उतरतात ना, तिथेच."

क्षिप्राला खरं तर राग यायला हवा होता, पण हसूच फुटलं. सरही ओशाळं हसले.

एवढ्यात सरांचे ऑपरेटर कमळाकरदादा आडवे आले. तळवली गावातलेच ते. पूजा झाली की दिवसभर मशीनला हात लावायचा नाही हा त्यांचा कायदा, आणि त्यापुढे सरांचंही काही चालत नसे. दादांनी मशीनकडे पाहिलं, मग बराच वेळ टाकीकडे पाहिलं.

"हार मशीनला हाय," ते शेवटी म्हणाले. "टाकीला हार नाय, कुकू नाय. तिचा कॉक फिरवला तं कोन रागावनार हाय?"

मधल्या भिंतीत एसीसाठी पाडलेल्या भोकातून पाइप पलीकडे गेला. संध्याकाळी समितीतल्या बाईंनी त्या गॅसवर तयार झालेल्या ब्लॉकवर हातोडी मारून पाहिली. ब्लॉक ढिम्म हलला नाही. मग बाईंनी विचारलं, तुमचं हे सहकार्य कधीपासून चालू आहे?

क्षिप्राने सरांकडे पाहिलं.

"गॅस दोन वर्षांपासून त्यांच्याकडेच जातोय," सर गंभीर चेहऱ्याने म्हणाले. "पाइप तेवढा आज लावला."