वाकड्या झाडांची बाग

मी एक जुना, जतन करून ठेवलेला खेळ आहे. अख्खा खेळ नव्हे हं, मित्रांनो! ब्राउझरमध्ये खेळायच्या एका बागेच्या खेळात कुणी कोणतं झाड कुठे लावलं, एवढंच काय ते माझ्या पोटात असतं.

माझा जन्म एका शिंप्याच्या घरचा. आजारपणात त्याचा उजवा हात लुळा पडला होता. बोटं हलती ठेवा, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, पण रबरी चेंडू दाबून दाबून तो पार वैतागला. तेव्हा त्याच्या लेकीने माउस हाताखाली सरकवला. "बाबा, एक तरी झाड लावा ना!" त्याने लावलं. ते थेट तळ्यात जाऊन पडलं. बापलेक पोट धरून हसले. त्याच आठवड्यात लेकीने बागेची एक प्रत पेन ड्राइव्हवर उतरवली, तीच मी, आणि मला टेबलाच्या खणात टाकलं. पुढे ती मला साफ विसरली. ब्राउझरमधल्या माझ्या भावंडात शिंपी रोज नवी झाडं लावायचा, त्याचं कौतुक व्हायचं आणि मी इकडे दोऱ्याच्या रिळांशेजारी धूळ खात पडलेलो. वाईट वाटायचंच.

एकदा लेकीचा मामा आला. "केवढा रखडतोय तुमचा कॉम्प्युटर! थांब, साफ करून देतो," म्हणत त्याने ब्राउझरमधलं होतं नव्हतं ते पुसून टाकलं.

"मामा, बाबांची बाग होती त्यात!"

"अगं, ती इंटरनेटवर असते. जातेय कुठे?"

मित्रांनो, इथेच भलेभले फसतात. कितीतरी खेळ तुमची प्रगती तुमच्याच कॉम्प्युटरवर, त्या ब्राउझरमध्येच ठेवतात. बाग उघडली, तर नुसतं माळरान. मामाचा चेहरा खर्रकन उतरला.

"जाऊ दे," शिंपी म्हणाला. "नाहीतरी हाताला काय फरक पडलाय?" त्याने माउस बाजूला सारला. नंतर कितीही विनवलं तरी तो खुर्चीत बसेना. लेकीला धास्ती पडली. हात असाच राहिला तर?

तिने सगळे खण उपसले आणि मी सापडलो! पण माझी बाग पडद्यावर उघडली, तेव्हा मलाच लाज वाटली. रांगा वाकड्यातिकड्या, झाडं एकमेकांच्या डोक्यावर. लेक रडकुंडीला आली. "ही तर पहिलीच आहे. तुमची चांगली झाडं गेली, बाबा."

शिंपी मात्र पुढे वाकून बघत राहिला. "ही मी लावली होती? अशी?"

"मग काय! माउस धरताच येत नव्हता तुम्हाला."

त्याने माउस ओढून घेतला. वाकड्या रांगेखाली एक झाड लावलं, शेजारी दुसरं, मग तिसरं. टीप मारावी तशी सरळ रांग उमटत गेली. तो आपल्या हाताकडे बघतच राहिला. लेक वरची रांग काढायला निघाली, तर म्हणाला, "राहू दे गं. तीही माझ्याच हातची आहे."

म्हणून सांगतो, मित्रांनो, कुणाचं काही पुसण्याआधी त्याला विचारा. आपल्या खेळाची प्रत अधूनमधून काढून ठेवा. आणि नवी काढलीत, तरी जुनी लगेच टाकून देऊ नका. आपण कुठून निघालो होतो, ते तिलाच ठाऊक असतं.