नळीतली शीळ

दादाच्या पत्राला त्याने उत्तर दिलं नव्हतं. पत्र टेबलाच्या खणात पडून होतं. तो खण उघडायचाच कंटाळा येतो, असं तो बायकोला सांगे. खरं तर चष्माही त्याच खणात असायचा, त्यामुळे पत्र रोजच दिसे.

दादाची नजर गेली होती. कागदावर ओळी एकमेकींच्या अंगावर चढल्या होत्या. 'पाणी उतरलं की पोरगा नदीवर नेतो म्हणालाय. तुझ्या हातची नळीची माशी पाठव. दुकानातली नको.' बस्स, एवढंच.

नळीची माशी म्हणजे पेराएवढ्या बारीक नळीवर केस आणि चंदेरी चकाकी दोऱ्याने आवळून मासे धरायला केलेली खोटी माशी. नळीतून दोरी ओवायची, शेवटी गळ बांधायचा. लहानपणी दोघं भाऊ या माश्या बांधत. दादा प्रत्येक नळी ओठांशी धरून फुंकायचा. शीळ वाजली तर पास. धाकट्याची कधी वाजली नाही. "तू आपला पुस्तकं धर," दादा म्हणायचा, आणि धाकट्याने ते जरा जास्तच मनावर घेतलं. जन्मभर वाचनालयाची फाटकी पुस्तकं बांधली, जमली तेवढी वाचली. आता पाठ, गुडघे, बोटं, सगळी आपापल्या रजेवर गेली होती.

"वहिनींचा फोन होता," बायको दारातून म्हणाली. "या रविवारी नेतायत भाऊजींना. पुन्हा नेणं होईलसं दिसत नाही म्हणाल्या."

त्याच्यासमोर छोट्या व्हाइसच्या चिमट्यात सुई आडवी धरलेली होती आणि सुईवर ओवलेली माशी होती. दाढीच्या जुन्या ब्रशचे केस, चॉकलेटच्या कागदाची चांदी, वरची गाठ पक्की राहावी म्हणून बायकोचं नेलपॉलिश. दिसायला झकास. फक्त पॉलिश वाळून सुईलाच चिकटली होती, निघत नव्हती. त्याने पकडीने ओढली आणि नळी तडकली. आधीच्यांचीही हीच गत झाली होती.

"रात्रभर कशाला ठेवता सुईवर?"

"वाळायला नको? पुस्तकाला खळ लावली की दाबाखाली ठेवायचं. सकाळपर्यंत हात लावायचा नाही."

"हे काय पुस्तक आहे?" ती खुर्ची ओढून बसली. "तुमचं सगळंच वाळेपर्यंत ठेवायचं. पत्रसुद्धा."

"दादा हसेल गं. नुसतं बोट फिरवून ओळखेल तो."

"हसू देत की. त्यांना तरी हसायला दुसरं काय उरलंय?"

त्याला दादाचे हात आठवले. पॉलिश ओलं असतानाच दादा नळी सुईवर गरगर फिरवायचा आणि झटक्यात काढून घ्यायचा. धाकटा तेव्हा मनात म्हणायचा, किती हा उतावळेपणा!

खिडकीतलं ऊन टेबलावर होतं तोवर त्याने पुन्हा बांधली. केस एका बाजूला कलले, गाठ वाकडी बसली. थेंबभर पॉलिश लावलं आणि आतला बुकबाइंडर नको नको म्हणत असतानाच नळी फिरवून ओढून काढली. बोटं लाल झाली. माशी वाळेपर्यंत तो डोळे मिटून बसला. मग नळी ओठांशी धरली. आधी नुसती हवा गेली. दुसऱ्यांदा बारीकशी, चिरकी शीळ वाजली.

"या वयात कुणाला शीळ घालताय?" आतून आवाज आला.

उत्तर लिहायला बसला तर मायन्यालाच अडला. माफी मागावी, तर ती पानभर होईना. कारणं द्यावीत, तर ती त्याची त्यालाच पटेनात. कागद फाडून फाडून टोपली भरली. शेवटी त्याने एकच ओळ लिहिली, 'दादा, फुंकून बघ,' आणि माशी काडेपेटीत कापसावर ठेवून पाकिटात घातली.

पोस्टापर्यंत जाताना तो वाटेत टेकला, उठला, पुन्हा टेकला.

"आत काय आहे?" खिडकीतल्या कारकुनाने पाकीट हलवून पाहिलं.

"माशी."

कारकुनाने चष्म्यावरून पाहिलं. "मेलेली?"

"नाही. म्हणजे, खोटी आहे. रविवारच्या आत पोचेल ना?"

"आजच्या थैलीत गेली तर पोचेल."

"मग आजच्याच टाका," तो म्हणाला. इतक्या मोठ्याने तो कधी कुठल्या खिडकीशी बोलला नव्हता. कारकुनाने शिक्का मारला आणि पाकीट थैलीत टाकलं.