पाणी न लागलेली सुंगटं

"काका, बाबा गेले. पंधरा दीस जाले."

अनंताचा मुलगा सर्वेश दारात उभा होता. कृष्णनाथच्या बोटांत कोंबड्याचं ओलं पीस तसंच राहिलं.

"बस," तो म्हणाला.

अनंत आणि तो डिचोलीला एकाच खाणीवर होते. खाण बंद पडली आणि कृष्णनाथ कोरगावला परतला. बायको आधीच गेलेली. रिकामं घर खायला उठायचं, तेव्हा अनंतनेच त्याला हा उद्योग लावून दिला. कोंबड्याच्या मानेची पिसं भिजवायची, दांडीवरचे तंतू ओढून काढायचे आणि उघडी दांडी गळावर गच्च गुंडाळायची. एक वेढा गडद, एक फिकट. सुंगटाचं, म्हणजे कोळंबीचं, अंग हुबेहूब तयार. पाय-मिशा अनंत घरी बांधणार आणि त्या नकली सुंगटावर शापोरा नदीत चणक मासा धरणार. दर महिन्याला तो अंगं न्यायला यायचा आणि गावलेल्या चणकाची गजाल रंगवून सांगायचा. त्या एका दुपारवर कृष्णनाथचा महिना निघे.

सर्वेशने पिशवीतून बिस्किटांचा डबा काढला. "ह्यो तुमचो. आमच्या घरात कोणाक उपयोग नाय."

कृष्णनाथने झाकण उघडलं. डबा अंगांनी भरलेला. एकालाही पाय नव्हते, मिशा नव्हत्या. पाणी तर कशालाच लागलं नव्हतं.

"ह्या वर्साची उरली मरे?"

"चार वर्सांची. गुडघो गेलो तेन्ना धरून बाबा शापोऱ्याच्या न्हंयर गेलेच नाय. आमी विचारू, मगे ही दर म्हयन्याक घरात हाडतात कित्याक? तर म्हणत, कृष्णनाथाकडे जावंक निमित्त नको?"

कृष्णनाथला गेल्या महिन्यातला चणक आठवला. कांदळाच्या मुळांत घुसलेला; अनंतने छातीभर पाण्यात उतरून ओढून काढलेला. तो चणक नव्हताच. होता तो मोडका गुडघा, आणि म्हापशाला बस बदलून इथवर येणं.

"तुमका ते मासळेच्यो गजाली सांगत?" सर्वेशने हळूच विचारलं. "घरात चार शब्द बोलत नव्हते."

"सांगी तर!" कृष्णनाथ सावरून बसला. "गेल्या म्हयन्यात येक चणक गावलो, असो..."

सर्वेश मान खाली घालून ऐकत होता. "मगे?" तो मध्येच म्हणाला. कृष्णनाथने चणक आणखी हातभर मोठा केला.

निघताना सर्वेश परत येईन म्हणाला नाही. कृष्णनाथनेही विचारलं नाही. मोटारसायकलचा आवाज काजूंच्या पलीकडे विरला. कृष्णनाथ फाटक लावायला गेला. कडी हातात घेतली, आणि तशीच सोडून आत आला.