कंबर घट्ट झालीय

वॉर्डात तिला सगळे फटाफट सिस्टर म्हणायचे, आणि खरं सांगायचं तर तिला ते मनापासून आवडायचं. सलाईन लावायची असो, ड्रेसिंग असो, नाहीतर जेवणावर रुसलेल्या पेशंटची समजूत काढायची असो, बाकीच्या बाह्या सरसावेपर्यंत हिचं काम उरकलेलं. हात चलाख, तोंड त्याहून चलाख. पेशंटकडे नुसतं बघितलं की त्याला काय होतंय ते कळतं, असा तिचा दावा होता. बहुतेक वेळा कळायचंही, आणि तिथेच तर घोडं पेंड खात होतं. कारण असा माणूस हळूहळू बघायचंच सोडून देतो.

खिडकीजवळच्या खाटेवर शिंपीकाका होते. जिन्यावरून पडून खुबा मोडलेला, ऑपरेशन अगदी झकास झालेलं. काल तर स्वारी रंगात होती. फटाफट सिस्टरच्या गणवेशाची बाही निरखून, "ही कुणी शिवली? तुमच्या वैऱ्यानं का?" असं विचारून त्यांनी अख्खा वॉर्ड हसवला होता. आज सकाळी ती त्यांना एक्स-रेला घेऊन गेली, परत आणलं, खाटेवर नीट झोपवलं, मऊ पांघरूण घातलं आणि पुढच्या पेशंटकडे पळाली. त्यानंतर काकांचं काहीतरी बिनसलं.

आधी नुसती चुळबुळ. मग पांघरुणाशी झटापट. दुपार व्हायच्या आत ते खाटेवरून उठायला बघू लागले, सलाईनचा हात हिसडू लागले. कपाळ घामानं डबडबलेलं, डोळे भिरभिरणारे. त्यांची मुलगी डबा घेऊन आली, तर तिच्यावरच ओरडले, "कोण गं तू? चल, नीघ माझ्या दुकानातून!"

मुलीच्या हातातला डबा तसाच राहिला. "बाबा, मी आहे," ती म्हणाली. त्यांनी तिच्याकडे बघितलं आणि तोंड फिरवलं. पोटापाशी पांघरूण मुठीत धरून ओढत राहिले. "घट्ट झालीय... कंबर घट्ट झालीय... उसव, उसव आधी!"

"दुकानात पोचलेत ते," मुलगी म्हणाली आणि तिला रडूच फुटलं. "सिस्टर, माझ्या आत्याचं अगदी असंच झालं होतं. पडली, ऑपरेशन झालं, आणि मग आम्हाला कुणाला ओळखलंच नाही तिनं. शेवटपर्यंत नाही. बाबांचं तसंच होणार का हो?"

"अहो, होतं असं वयात. ऑपरेशननंतर भ्रम होतो थोडा, उतरतो," फटाफट सिस्टर म्हणाली. निदान झालं, फाईल बंद! लघवीसाठी लावलेल्या नळीच्या पिशवीत लघवी दिसत होती, सलाईन चालू होती, ताप नव्हता. झालं की. तिनं काकांना चष्मा लावला, पडदा सारून उजेड केला, मुलीला उशाशी बसवून हात धरायला सांगितलं. भ्रम झालेल्या माणसासाठी हे सगळं योग्यच होतं, त्यात नाव ठेवायला जागा नव्हती. फक्त काकांना त्याचा काडीचाही उपयोग झाला नाही. त्यांनी चष्मा भिरकावला आणि मुलीचा हात झटकला.

डॉक्टर येऊन बघून गेले. ऑपरेशनची जागा ठीक होती. "पडले तर पुन्हा खुबा जाईल," ते काळजीनं म्हणाले. "थोडा वेळ बघा. नाहीच ऐकलं तर हात बांधावे लागतील. माझाही जीव होत नाही, पण काय करणार?"

हात बांधणार, हे मुलीनं ऐकलं. ती नुसती वडिलांच्या त्या हातांकडे बघत बसली.

फटाफट सिस्टर मोठ्या बाईंना सांगायला गेली. मोठ्या बाई म्हणजे वॉर्डच्या प्रमुख. चालणं संथ, बोलणं संथ, आणि नव्या पोरींना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगून वात आणण्यात एक नंबर. आधी बघा, मग ठरवा, मग आखा, मग करा, आणि केल्यावर गुण आला का ते पुन्हा जाऊन बघा. पोरी मागे त्यांची नक्कल करायच्या. नकला करण्यात आपली सिस्टर सगळ्यात पुढे.

"बाई, खिडकीजवळच्या काकांना बांधावं लागणार. भ्रम झालाय. सगळं करून बघितलं."

"गुण आला?"

"नाही ना! म्हणून तर बांधायचं."

"गुण आला नाही, तर मग ठरवलेलंच चुकलं नसेल कशावरून?" बाईंनी हातातलं काम बाजूला ठेवलं. "काय म्हणतायत ते?"

"असंबद्ध बोलतायत."

"ते तुझं मत झालं. त्यांचे शब्द सांग."

काय कटकट आहे, असं तिच्या मनात आलं. तोंडानं ती म्हणाली, "दुकानातलं काहीतरी. म्हणतात, कंबर घट्ट झालीय, उसव."

आणि बोलता बोलता तिची जीभ टाळ्याला चिकटली. कंबर घट्ट झालीय! अगं बाई, ज्या माणसानं जन्मभर कंबरा मापल्या, तो पोट तटतटलं तर दुसरं काय म्हणेल? ती धावत सुटली. वॉर्डात धावायचं नसतं, हे तीच सगळ्यांना सांगायची.

पांघरूण दूर केलं. बेंबीखाली हात ठेवला, तर पोट दगडासारखं. काका कळवळले. तिनं लघवीच्या नळीवरून बोटं फिरवत नेली, आणि मांडीच्या आड तिला तो सापडला. चिमटा. एक्स-रेला नेताना पिशवी वर उचलली जाते, लघवी उलटी आत जाऊ नये म्हणून नळीला लावतात तो. परत आल्यावर पहिल्यांदा काढतात तो. तिनं स्वतःच्या हातानं लावलेला. पिशवीतली लघवी सकाळचीच होती, आणि इकडे सलाईन बिचारी इमानेइतबारे भरतच होती.

तिनं चिमटा सोडला. नळीतून धार लागली.

काकांनी एवढा मोठा श्वास सोडला की शेजारचा पेशंट उठून बसला. "हां... आता कसं... आता बसली बरोबर," ते पुटपुटले. मुठी सुटल्या. कपाळावरच्या आठ्या गेल्या. पोटावर हात ठेवून ती उभी होती, हाताखालचं पोट मऊ होत चाललेलं तिला कळत होतं. मोठ्या बाई येऊन शेजारी थांबल्या. त्यांनी नळी बघितली, काकांची नाडी बघितली, डॉक्टरांना निरोप धाडला. ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"मुलीला मी सांगू, की तू?" त्यांनी विचारलं.

"मी."

डॉक्टर तपासून गेले, सगळं ठीक म्हणाले, आणि बांधायचं टळलं म्हणून त्यांचाही चेहरा उजळला. काका गाढ झोपले. सिस्टरनं मुलीला बाहेरच्या बाकावर नेलं आणि एका दमात सांगून टाकलं. "भ्रम वयामुळे नव्हता. लघवी तुंबली होती. नळीचा चिमटा मी काढायला विसरले. ते मला सांगत होते आणि मी ऐकलं नाही. चूक माझी आहे."

मुलगी तिच्याकडे बघतच राहिली. "म्हणजे इतका वेळ त्यांना... आणि तुम्ही मला वय झालं म्हणून सांगत होतात?" तिचा आवाज चढला. सिस्टरनं मान खाली घातली. मग मुलीचा आवाज एकदम बारीक झाला. "पण मग ते आता ओळखतील ना मला?"

ओळखतीलच, असं सिस्टरच्या ओठांवर आलं होतं. तिनं ते गिळलं. "मला माहीत नाही," ती म्हणाली. "जागे झाले की बघू. मी थांबते."

ड्युटी संपली तरी ती थांबली. ऊन खिडकीतून खाली उतरलं तेव्हा काकांनी डोळे उघडले. मुलगी उठली, पण खाटेजवळ जायचा तिला धीर होईना. तिथूनच म्हणाली, "बाबा, मी कोण?"

काकांनी तिला नीट न्याहाळलं. "तू?" ते म्हणाले. "एवढी घोडी झालीस, तरी अजून साधं बटण लावता येत नाही, ती कार्टी. आता हे काय रडणं लावलंयस? आणि पाणी दे, घसा सुकलाय."

मुलगी त्यांच्या छातीवर कोसळली आणि हसू लागली, की रडू लागली, कोण जाणे. सिस्टरनं ग्लास भरला. ओतायच्या घाईत अर्धं पाणी ट्रेमध्ये सांडलं, मग तिनं तो सावकाश पुन्हा भरला.