बटरच्या घड्या

कॅफेवालीची एकच अट होती. "पापुद्र्यांची पेस्ट्री अस्सल बटरची हवी, मार्गारिन चालणार नाही. संध्याकाळी येऊन चाखते. आवडली तर रोजचा माल तुमच्याकडूनच."

"त्यात काय एवढं!" मी म्हटलं. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

आमच्या बेकरीचं सगळं आयुष्य मार्गारिनवर, त्या स्वस्तातल्या नकली बटरवर गेलं. लाटलेल्या मैद्यात त्याची पिवळी लादी ठेवायची, घडी घालायची, लाटायचं, पुन्हा घडी. शेजारी भट्टी धगधगत असली तरी ते बिचारं हूं की चूं करत नाही. लग्नानंतर ह्यांनीच मला हे शिकवलं. हे स्वतः एका मोठ्या हॉटेलात शिकले, तिथे म्हणे फक्त बटर असायचं. पण विचारायची सोय कुठे राहिली? झटका आल्यापासून उजवं अंग लुळं आणि तोंडातून नुसतं "आं". गिऱ्हाईकही तेव्हापासूनच पांगलं. ही ऑर्डर गेली तर दुकानाला कुलूप, आणि दिवसभर टेबलापाशी खुर्चीत बसून भट्टीकडे बघणं एवढंच ह्यांच्या जिवाला उरलंय.

पहिली घडी घातली. ह्यांनी डावा हात फ्रिजकडे केला. "आं!"

मी गार पाणी दिलं. ह्यांनी ग्लास ढकलला.

"आत्ताच मागितलंत ना? मग प्या की!"

दुसऱ्या घडीला बटर कडेने बाहेर यायला लागलं. मी वरून मैदा भुरभुरला आणि लाटणं दामटलं. पुन्हा हात फ्रिजकडे, पुन्हा "आं!" मी पुन्हा ग्लास तोंडाला लावला, तर सगळं पाणी सदऱ्यावर. वर खुर्चीच्या हातावर थापा मारायला लागले.

"लहान मूल परवडलं हो! तुम्हाला पाणी पाजू की काम करू?" माझं डोकंच फिरलं. खुर्ची धरली आणि रस्त्याकडे तोंड करून फिरवून ठेवली.

ट्रे भट्टीत गेला. काचेतून बघते तर पेस्ट्रीतून बटर भळाभळा बाहेर. पापुद्रे सुटायचं नावच नाही, सगळ्या चपट्या होऊन तुपकट तळल्या जात होत्या. टेबलावरच्या कागदात उरलेलं बटर बघितलं, त्याचं तेल झालं होतं. मग माझी नजर फ्रिजवर गेली.

प्रत्येक घडीनंतर मैदा गार करायचा होता. हा माणूस पहिल्या घडीपासून तेच सांगत होता.

नवीन बटर नव्हतं, आणि कॅफेवाली दारात उभी होती. तिने एक घास खाल्ला, उरलेला तुकडा हळूच कागदावर ठेवला. "कळवते हं, काकू," म्हणाली. चांगली मुलगी, पण ती कळवणार नाही हे मला कळलं.

मी खुर्ची परत फिरवली. ह्यांचा सदरा अजून ओलाच होता, आणि गालही.

"चुकलं हो माझं. आता काय करायचं, सांगा ना."

ह्यांनी पुन्हा डावा हात फ्रिजकडे केला. काम तर संपलं होतं. आता खरंच तहान लागली होती, की अजून त्या घड्यांचंच चाललं होतं? मी फ्रिजचं दार उघडून उभी राहिले. पाण्याच्या बाटलीला हात लावायचीही भीती वाटली.

"काय देऊ हो?"

"आं," हे म्हणाले.