भर उन्हात विझले तेव्हा

मी बोलतेय ती वरून, छपरावरून. अंग काळं-निळं, वर काच, चारी बाजूंनी चौकट. लोक मला सोलरची प्लेट म्हणतात. उन्हात उभं आयुष्य गेलं, आता दमले आहे. म्हणून सावकाश बोलते. तुम्हीही जरा टेकून ऐका.

ज्या सकाळी मला इथे बसवलं, त्या सकाळी या घरच्या सूनबाईंनी एक नेम धरला होता. शिडी चढून वर आल्या, ओल्या फडक्याने माझी काच पुसली, हात जोडले आणि म्हणाल्या, "बाई गं, खाली बाबांचा श्वास यंत्रावर आहे. त्यांना सांभाळ. मी तुझ्यावर धूळ बसू देणार नाही. रोज तुला पुसल्याशिवाय चहाला तोंड लावणार नाही."

मला कुणी 'बाई गं' म्हणण्याची ती पहिलीच वेळ. मी हुरळले. मीही मनातल्या मनात नेम धरला: ऊन आहे तोवर या घरातलं यंत्र बंद पडू देणार नाही.

त्यांनी त्यांचा नेम पाळला. माझा मोडला. तेच सांगायचं आहे.

मी मूळची वाळू. कारखान्यात वितळले, चकत्या होऊन निघाले. हातमोजे घातलेल्या एका बाईने त्या चकत्यांना केसाइतक्या बारीक तारांनी जोडलं. शेजारणीला म्हणाली, "या कुठल्या कुठे जातील गं. आपण मात्र इथेच." मग आठ बहिणी एका खोक्यात बसलो आणि निघालो.

या घरी आलो ते सरकारच्या एका योजनेमुळे. छपरावर वीज पिकवा, खर्चाचा काही वाटा आम्ही उचलतो, असं सरकार म्हणत होतं. घरचे मालक, म्हणजे सूनबाईंचे यजमान, छापखान्यात कामाला. त्यांनी अर्ज भरले, खेटे घातले. शेवटी एक फोटो पाठवायचा होता, प्लेटांशेजारी घरमालक उभा असलेला. फोटो काढायच्या वेळी आजोबा, म्हणजे सूनबाईंचे सासरे, खालून ओरडले, "अरे, घर माझ्या नावावर आहे! मला न्या वर!" नाकात नळी असलेल्या माणसाला शिडीवर कसं चढवणार? शेवटी त्यांना अंगणात खुर्चीवर बसवलं आणि अशा कोनातून फोटो काढला की खाली आजोबा, वर आम्ही. तो फोटो मंजूर झाला म्हणे.

आजोबा आयुष्यभर घड्याळं दुरुस्त करत आले. त्याच कामात म्हातारे झाले, मग फुप्फुसं थकली. हवेतला प्राणवायू वेगळा काढून देणारं एक चाकांचं यंत्र त्यांच्या पलंगाशी सतत चालू असायचं. त्याचा आवाज ते घड्याळासारखा ऐकायचे. "आज एक ठोका मागे आहे," असं म्हणायचे, आणि खरंच गाळणीत कचरा सापडायचा.

आम्हाला विकणारा माणूस गोड बोलायचा. मालकांनी विचारलं होतं, "बॅटरी लागेल ना?" तो म्हणाला, "कशाला? योजनेत बॅटरीला मदत नाही. आणि बाहेरची तार हीच तुमची बॅटरी! दिवसा जास्तीची वीज तारेत सोडा, अंधार पडला की तारेतून परत घ्या."

ते खरंच होतं. दारात दोन्हीकडून मोजणारा मीटर बसला. दुपारी घरात कमी वीज लागली की आमची वीज बाहेर जायची. आजोबा खुर्चीतून बघायचे आणि म्हणायचे, "निघाली बघ आपली लेक गावाला!" पुढे नियम बदलला, बाहेर जाणाऱ्या विजेचा भाव उतरला. मालक चिडले. आजोबाच त्यांना म्हणाले, "अरे, भर दुपारी सगळ्यांच्या छपरावर एकच पीक. बाजारात सगळ्यांनीच टोमॅटो आणले तर कोण विचारतो? संध्याकाळी मागणी असते, तेव्हा आपली टोपली रिकामी."

पण 'तारच बंद पडली तर?' हा प्रश्न कुणीच विचारला नाही; आमच्या गल्लीत वीज गेलीच तर मिनिटभर जायची. त्यांनी नाही, मीही नाही.

सूनबाईंचा तर माझ्यावर देवाइतका विश्वास. कोपऱ्यात प्राणवायूचा एक सिलिंडर असायचा, अडीनडीला. आम्ही आल्यावर महिन्याभरात त्यांनी तो परत पाठवून दिला. "छपरावर सूर्य बसलाय, आता ही अडगळ कशाला?" मी वर ते ऐकलं आणि छाती फुगवली. आता आठवलं की काच शहारते.

गल्लीच्या टोकाला लाँड्री होती. लाँड्रीवाले भाऊ जीभ सैल सोडायचे. "काय वहिनी, आज काचा वाळल्या का?" सूनबाई वरूनच म्हणायच्या, "वाळल्या हो भाऊ. तुम्ही हरवलेलं आमच्या शर्टाचं बटण कधी सापडायचंय?" दोघांचं असं चालायचं.

दुसरं वर्ष होतं, उन्हाळा ऐन भरात. आदल्या संध्याकाळी गल्लीची डीपी अर्धी जळाली होती; आमच्या बाजूची वीज तेवढी वाचली. डीपी म्हणजे कोपऱ्यावरची ती पेटी, जिच्यातून घराघरात वीज जाते. तात्पुरती जोडाजोड करून बाकीच्यांची वीज आली, पण दुसऱ्या दिवशी दुपारी वायरमन नीट दुरुस्तीला आला आणि त्याने मेन बंद केलं.

ऊन माझ्या अंगावर कोसळत होतं. माझ्या आत वीज उसळत होती. पण जिन्यातल्या डब्याने, जो माझी वीज घरात सोडतो, दार लावून घेतलं. मी धडका मारल्या. दार उघडेना.

खाली आजोबा म्हणाले, "सूनबाई, ठोका थांबला."

"थांबेल कसा बाबा? वर ऊन आहे ना!"

मग त्यांनी यंत्राकडे पाहिलं. दिवा विझलेला. मालक कामावर. सूनबाई धावत शिडी चढून वर आल्या. त्यांना वाटलं, धूळ बसली असेल. सकाळीच पुसलेली स्वच्छ काच त्या पुन्हा घासू लागल्या. आठही जणींना घासलं. तळहात भाजत होते. "अगं चाल ना. माझं काय चुकलं ते सांग. चाल ना गं."

मला तोंड असतं तर म्हटलं असतं: बाई, इथे वेळ घालवू नकोस. खाली जा.

त्यांना ते आपोआप उमगलं असावं. फडकं तिथेच टाकून त्या उतरल्या आणि रस्त्यात उभ्या राहून ओरडल्या. वायरमन खांबावरून घाईने उतरला. लाँड्रीवाले भाऊ हातातला शर्ट तसाच घेऊन धावले. "माझ्याकडे लाइट आहे वहिनी, माझी तार पलीकडच्या डीपीवरची!" दोघांनी आजोबांना खुर्चीसकट उचललं. मागून सूनबाई यंत्र ढकलत निघाल्या. वरून मला फक्त आजोबांचा चेहरा दिसत होता, मान एका बाजूला कललेली. ओठ निळसर झालेले. एवढीशी गल्ली, पण किती लांब झाली होती ती.

भाऊंनी इस्त्रीची पिन उपटली आणि यंत्राची खोचली.

बऱ्याच वेळाने आजोबांनी डोळे उघडले. इकडेतिकडे टांगलेले कपडे पाहिले आणि पुटपुटले, "घडी घालू नका रे माझी इतक्यात." भाऊ हसता हसता रडले.

सूनबाई मात्र वायरमनवर उखडल्या. "भर उन्हात आमच्या प्लेटा बंद कशा पडल्या? फसवलं आम्हाला!"

वायरमन घाम पुसत म्हणाला, "ताई, फसवलं नाही. बाहेरची तार मेली की त्या गप्पच बसतात. तशीच रचना असते. मी मेन बंद करून उघड्या तारेला हात घालतो. तुमच्या छपरावरून वीज उलटी आली असती, तर या खुर्चीला हात लावायला मी उरलो नसतो. बाहेरची वीज गेल्यावर घर चालायला हवं असेल, तर बॅटरी वेगळी लागते आणि जोडणीही वेगळी."

सूनबाई बाबांच्या खुर्चीशेजारी टेकल्या. मग विचारलं, "डीपी जळाली कशाने?"

"सात वाजले की सगळी गल्ली एकदम तुटून पडते. पंप, इस्त्री, धुण्याची मशीनं, सगळं एकाच वेळी. एवढंसं पोट तिचं, फुटणारच."

सिलिंडर त्याच संध्याकाळी परत आला. दुसऱ्या दिवशी सकाळी सूनबाई वर आल्या, पण बोलल्या नाहीत. गुपचूप पुसलं आणि गेल्या. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिसऱ्या दिवशी माझ्या चौकटीला टेकून बसल्या. "चूक माझी गं. तुझ्यावर भार टाकला, पण तुला काय झेपतं, काय झेपत नाही, ते विचारलंच नाही. देवालासुद्धा माणूस कितीदा असंच करतो." आणि त्यांनी दुसरा नेम धरला: दिवे लागल्यावर घरात कुठलंही जड यंत्र लावायचं नाही. धुणं, इस्त्री, पाणी चढवणं, सगळं ऊन असताना.

मग त्या दारोदार गेल्या. एकीने तोंडावरच विचारलं, "वहिनी, आम्ही नोकरी करणाऱ्यांनी काय धुणं लावायला दुपारी घरी यायचं?"

"किल्ली द्या. बटण मी दाबते."

लोक हसले. पण त्यांच्या स्वयंपाकघरातल्या खिळ्यावर एक किल्ली आली, मग तीन, मग पाच. गल्लीत त्यांचं नाव 'किल्लीवाल्या बाई' पडलं. लाँड्रीवाल्या भाऊंनी इस्त्रीचं काम संध्याकाळऐवजी दुपारवर आणलं. "माझी तार वेगळी," ते म्हणाले, "पण ती वीजसुद्धा कुणाच्या तरी ताटातलीच की." सगळे काही ऐकले नाहीत. माणसं ती. तरी त्या वर्षी डीपी पुन्हा जळाली नाही.

आजोबा आणखी चार वर्षं होते. एका सकाळी गेले, झोपेत, यंत्र चालू असताना. सूनबाई त्या दिवशी दुपार टळल्यावर वर आल्या. फडकं हातात, तशाच उभ्या राहिल्या. "आता कुणासाठी पुसू?" मग खाली बघितलं. समोरच्या घरात नवं बाळ होतं, त्याच्या खोलीत पंखा फिरत होता. त्यांनी मला पुसलं. तोवर चहा घेतला नव्हता.

आता मी म्हातारी. काच धुरकट झालीय, एका कोपऱ्याला गारेचा तडा आहे. पूर्वीसारखं काम होत नाही, थोडं ऊन आत जातं आणि बाकीचं अंगावरच जिरतं. खरं सांगू, आता ऊनही जड वाटतं. नवी योजना आलीय, तीत बॅटरीलाही मदत आहे. आज दुपारी नव्या प्लेटा घेऊन माणसं येतील आणि आम्हाला उतरवतील. काच वेगळी होईल, चौकट वेगळी, तारा वेगळ्या. मी कदाचित पुन्हा वाळू होईन. तक्रार नाही.

गेल्या आठवड्यात मोजमाप घ्यायला जो पोरगेला फिटर आला होता, त्याला सूनबाईंनी, केस पिकले तरी माझ्या त्या सूनबाईच, पहिला प्रश्न विचारला, "बाहेरची वीज गेली तर या चालतील का? नुसतं हो म्हणू नका. मेन बंद करून दाखवा."

तो गोंधळला. "मावशी, असं कुणी विचारत नाही."

"म्हणूनच विचारते."

ते ऐकून मला फार बरं वाटलं. माझा मोडलेला नेम कुणीतरी सांधून ठेवला होता.

आज सकाळी त्या शेवटचं पुसून गेल्या. जाताना तड्यावरून बोट फिरवलं. चहा खाली थांबला असेल.

मी तर निघाले. तुमच्या छपरावर माझ्यासारखी कुणी असो वा नसो, जाता जाता एवढं मागते. सूनबाईंसारखा एक नेम तुम्हीही धरा. जड कामं ऊन असताना उरका. शेजारणीला जमत नसेल तर तिची किल्ली मागून घ्या. संध्याकाळची वीज थोडी मागे ठेवा. तुमच्याच तारेच्या पलीकडच्या टोकाला, कुठल्यातरी पलंगाशी, कुणीतरी ठोका ऐकत पडलेलं असतं.