उपाशीपोटी अर्धा तास

संगीताने चहाचं भांडं चुलीवर ठेवलं, तोच सासूने, मानीबाईने, ते उचलून खाली ठेवलं. घरात सगळे तिला याडी, म्हणजे आई, म्हणत.

"पुष्पानं आत्ताच गोळी घेतली. अर्धा तास होऊ दे, मंग सगळेच पिऊ."

धाकटी जाऊ पुष्पा अंगणातल्या कोवळ्या उन्हात शाल गुंडाळून बसली होती. गेल्या हिवाळ्यात तिला थायरॉइड निघाला, तेव्हापासून सकाळच्या गोळीनंतर अर्धा तास तिला कुणी हाक मारत नसे. दवात भिजलेला कापूस वेचायलाही ती उशिराच निघे. संगीताचा नुसता जळफळाट होई. पंधरा वर्षं ती या तांड्यात राबत होती. थंडीत तिचेही हातपाय गळत, पण तिच्यासाठी कधी कुणाचा चहा थांबला नव्हता.

शेवटी त्याच दिवशी ती दारव्ह्याला गेली आणि रक्त तपासून घेतलं. डॉक्टरीणबाईंनी कागद पाहिला.

"थोडा वाढलाय. थंडीत बऱ्याच जणांचा वाढतो, उन्हाळ्यात उतरतो. गोळी नको. मे महिन्यात पुन्हा तपासू."

संगीताला रडू कोसळायचंच बाकी राहिलं. आजारपणातसुद्धा धाकटीच वरचढ!

परतताना तांड्याच्या फाट्यावर पुष्पा भेटली. जावेचे रिकामे हात पाहून ती म्हणाली,

"गोळी नाही देली ना, बाई?"

"तुले कसं माहीत?"

"मायाही थंडीतच चढला होता. गोळी देली, पन उन्हाळ्यात उतरला अन् बंद झाली." पुष्पाने मागेपुढे पाहिलं. "आता घेतो ते कॅल्शियमची हाय. याडीले सांगू नको."

संगीताचा तिळपापड झाला. सहा-सात महिने ही बया सगळ्या घराला झुलवत होती, आणि आपल्याला हे कधी सुचलंसुद्धा नाही! आता चारचौघांत हिचं पितळ उघडं पाडायचं, असं ठरवूनच ती तरातरा घरी निघाली; पुष्पा तिच्या मागोमाग.

दारातच मानीबाईने विचारलं,

"काय म्हने डॉक्टर?"

संगीताने मागे वळून पाहिलं. पुष्पाचा चेहरा पार उतरला होता.

"मलेही थायरॉइडच हाय," संगीता म्हणाली. "गोळी देली. उपाशीपोटी घ्याची."

दुसऱ्या दिवशी सकाळी पुष्पाने मुकाट्याने आपल्या पाकिटातली एक गोळी तिच्या हातावर ठेवली. आत मानीबाई एकटीच चूल फुंकत होती. संगीता अंगणात येऊन बसली. ऊन अजून अर्ध्याच अंगणात पोचलं होतं, आणि तिथे पुष्पाने बस्तान मांडलं होतं.

"सरक तिकडं," संगीता म्हणाली.